सूर्य उगवल्याचा दाखला

माझ्याविषयी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे गैरसमज नको. मी सूर्यवंशी आहे. आडनावाने नव्हे, सवयीने. सूर्य उगवून चांगले दोन-अडीच तास झाले की मी उगवतो. ऑफिसात पोचलो की साहेब मान वर न करता विचारतात, "उगवलात?" मी "हो साहेब" म्हणतो आणि खुर्चीत बसतो. एवढ्या वर्षांत साहेब चार बदलले, प्रश्न तोच राहिला.

यात सगळा दोष माझा आहे असंही नाही. आमचं गाव वाटीच्या तळाशी सांडल्यासारखं वसलंय आणि पूर्वेला एक भलीमोठी टेकडी आडवी बसली आहे. तिच्यावरून डोकावून खाली बघायला खुद्द सूर्यालाच साडेआठ वाजतात. जिथे सूर्य लेट येतो, तिथे माझ्यासारख्या साध्या कारकुनाने आधी येऊन करायचं काय? हा युक्तिवाद मी चारही साहेबांना ऐकवला आहे. त्यातल्या एकाने तो लेखी मागितला होता.

बायकोचं बरोबर उलटं. ती इस्पितळात रक्त तपासायची. सकाळची पाळी, प्रयोगशाळा तळघरात आणि तळघराला खिडकी नाही. पहाटे पाचला अंधारात घराबाहेर पडायची आणि बाहेर यायची तेव्हा सूर्य डोक्यावर. सुट्टीच्या दिवशी मात्र ती मनसोक्त झोपायची, आणि तिला उठवण्याची हिंमत घरात कुणाला नव्हती. म्हणजे बघा, एक जण रोज सूर्याच्या आधी उठणारी, एक जण रोज सूर्याच्या नंतर उठणारा, आणि सव्वीस वर्षांच्या संसारात दोघांनी मिळून एकही सूर्योदय पाहिलेला नाही.

ती निवृत्त झाली त्या संध्याकाळी आमच्याकडे चार माणसं जमली होती. इस्पितळाने तिला भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं. ज्या माणसाला आता वेळेवर कुठेच जायचं नाही त्यालाच घड्याळ का देतात, यावर चर्चा चालली होती. खालच्या मजल्यावरच्या पोस्टमास्तरांनी विचारलं, "मग, आता पुढे काय करायचं ठरवलंय?"

लोक अशा वेळी प्रवास म्हणतात, बागकाम म्हणतात. ही म्हणाली, "मला टेकडीवरून सूर्योदय बघायचाय. एकदाच, पण नीट. अगदी पहिल्यापासून. सव्वीस वर्षं मी त्याच्या आधी उठतेय, आमची एकदाही भेट नाही." आणि तिने माझ्याकडे बघितलं. हिने आजवर माझ्याकडे साडी मागितली नाही, दागिना मागितला नाही. मला एकदम भरून आलं आणि मी म्हणालो, "मी दाखवतो!"

मग माझा मेव्हणा हसायला लागला आणि चहा त्याच्या नाकातून बाहेर आला.

झालं. दुसऱ्या मिनिटाला तो सूर्योदय माझा राहिला नाही, बिल्डिंगचा झाला. पोस्टमास्तर म्हणाले, "उठायचं कसं ते माझ्यावर सोडा. गजराचं घड्याळ उशाशी ठेवायचं नाही, पत्र्याच्या बादलीत ठेवायचं. आवाज घुमतो." मेव्हण्याला कॅमेऱ्याचा नाद आहे, म्हणजे कॅमेरा त्याच्याकडे आहे आणि फोटो अजून यायचे आहेत. तो म्हणाला, "भाऊजी, नुसतं जाऊन बघायचं नसतं. तयारी लागते. तिपाई लागते, दुर्बीण लागते, घडीच्या खुर्च्या लागतात. मी येतो बरोबर." मी म्हटलं, सूर्य उगवायचाय, त्याला मुलगी बघायला जायचं नाहीये. पण माझं कोण ऐकतो?

आधी रंगीत तालीम करावी असं ठरलं. बादलीत घड्याळ ठेवून मी झोपलो. सकाळी जाग आली तेव्हा आठ वाजले होते, आणि माझ्या पलंगाभोवती पोस्टमास्तर, त्यांच्या सौभाग्यवती आणि समोरच्या घरातले तिघं उभे होते. बादली अख्ख्या बिल्डिंगला ऐकू गेली होती. सगळे उठले होते, मी सोडून. पोस्टमास्तर बारकाईने माझ्याकडे बघत हिला म्हणाले, "श्वास चालू आहे." मला ते फार लागलं.

शेवटी ठरल्या दिवशी हिनेच मला उठवलं. म्हणजे उभं केलं, स्वेटर घातला, कानटोपी घातली आणि मेव्हण्याच्या गाडीत मागच्या सीटवर ठेवलं. मांडीवर तीन घडीच्या खुर्च्या होत्या. मी खरा जागा झालो तो टेकडीच्या पायथ्याशी, कारण तिथे गाडी थांबली आणि मेव्हणा म्हणाला, "फाटक बंद आहे."

लोखंडी फाटक, त्याला हे एवढं कुलूप, आणि शेजारी पाटी. हिने बॅटरी मारून पाटी मोठ्याने वाचली: "टेकडीवर प्रवेश सूर्योदय ते सूर्यास्त. सूर्योदयापूर्वी कोणत्याही कारणास्तव आत सोडले जाणार नाही." मग पुन्हा मनातल्या मनात वाचली. मग म्हणाली, "म्हणजे सूर्योदय बघायला सूर्योदय झाल्यावर यायचं? हे कुठल्या गाढवाने लिहिलंय?"

मेव्हणा म्हणाला, "साधं नाही ताई, सरकारी गाढव आहे. 'कोणत्याही कारणास्तव' लिहिलंय बघ."

मी खाली वाकून बुटाची नाडी बांधायला घेतली. माझ्या बुटाला नाडी नव्हती.

कारण ते गाढव मीच होतो. अठरा वर्षांपूर्वी मी उद्यान विभागात होतो. टेकडीची वेळ तेव्हा सहा ते सहा होती. थंडीत सहाला अंधार पडायचा आणि कुणी ना कुणी आत अडकायचं. तेव्हाचे साहेब म्हणाले, असा नियम करा की बारा महिने चालेल आणि कुणाला बोट ठेवायला जागा राहणार नाही. मी तीन दिवस खपून 'सूर्योदय ते सूर्यास्त' काढलं. साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. एवढ्या नोकरीत माझी पाठ एकदाच थोपटली गेली आहे, आणि ती याच वाक्यासाठी. सूर्योदय बघायला कुणी येईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी तो कधी बघितला नव्हता, त्यामुळे त्यात बघण्यासारखं काही असेल अशी शंकाही आली नाही.

"अहो, हाक तरी मारा कुणाला," ही म्हणाली.

मेव्हण्याने हाक मारली. मग वरून, पार टेकडीच्या माथ्यावरून एक बारीक आवाज आला, "थांबाऽऽ! अजून उगवला नाहीऽऽ!"

आम्ही थांबलो. आमच्या डोळ्यांसमोर टेकडीचं काळं कुट्ट पोट आणि त्याच्यापुढे फाटक. टेकडीच्या पलीकडे आकाश उजळतंय हे कळत होतं, आणि दिसत मात्र काही नव्हतं. भिंतीच्या पलीकडे गाणं चालू असावं आणि आपल्याला नुसता तबला ऐकू यावा तसं. ही फाटकाचे गज धरून टाचा उंचावून उभी होती. मग वरून आवाज आला, "उगवलाऽऽ!" आणि हिने गज सोडले.

दहा मिनिटांनी मफलर गुंडाळलेला एक पहारेकरी काखेत रजिस्टर मारून खाली आला. कुलूप काढत म्हणाला, "या. झाला."

"काय झालं?" मेव्हण्याने विचारलं.

"सूर्योदय," तो म्हणाला. अगदी बाळंतपण सुखरूप झाल्यासारखा.

तीन खुर्च्या, तिपाई, दुर्बीण आणि माझं वय घेऊन आम्ही वर पोचलो, तेव्हा सूर्य चांगला हातभर वर येऊन डोळ्यांत जात होता. मेव्हण्याची तिपाई उघडेना. उघडली ती मिटेना. ही खुर्चीवर बसली, डोळ्यांवर हात धरून थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "छान आहे. पण हा झालेला आहे."

घरी येताना मी म्हणालो, आपण परवानगी काढू. ती म्हणाली, "जाऊ द्या हो. नाही तर नाही."

लग्न झालेल्या माणसाला सांगायला नको, बायको भांडते तेव्हा घाबरायचं कारण नसतं. ती 'जाऊ द्या हो' म्हणते तेव्हा मात्र काहीतरी कायमचं जायला निघालेलं असतं. दुसऱ्या दिवसापासून ती आठ वाजता उठायला लागली. सव्वीस वर्षांची सवय तिने चार दिवसांत मोडली. कुशीवर वळून म्हणायची, "आता मीही सूर्यवंशी." आम्ही दोघं आठला उठून एकमेकांकडे जांभया देत बघायचो आणि मला काही केल्या ते बरं वाटेना. घरात एक सूर्यवंशी पुरे असतो.

मी उद्यान विभागात गेलो. खिडकीवरच्या बाईंनी अर्ज वाचला आणि विचारलं, "कारण काय लिहू?"

"सूर्योदय पाहणे."

"मग बघा की. तो झाला की फाटक उघडतं."

"झाल्यावर नाही हो, होताना बघायचाय."

बाईंनी चष्मा काढला. "होताना म्हणजे आधी आत सोडावं लागणार. आधी सोडायचं तर नियम शिथिल करावा लागणार. आणि समजा त्या दिवशी ढग आले, तर परवानगी वापरली असं धरायचं की नाही?"

हा प्रश्न मला आवडला. अठरा वर्षांपूर्वी मीही हाच विचारला असता. मी म्हणालो, "बाई, माणुसकी म्हणून काही?" त्या म्हणाल्या, "त्याला वेगळा अर्ज नाही." मग जुनी फाईल काढून त्यांनी माझ्या अर्जावर शेरा मारला: नियम शिथिल करण्यापूर्वी मूळ मसुदा करणाऱ्या कर्मचाऱ्याचा अभिप्राय घ्यावा.

आठ दिवसांनी ती फाईल शिपायाने माझ्याच टेबलावर आणून ठेवली.

अर्जदार मी, नियम माझा, अभिप्राय माझा. असा योग कारकुनाच्या आयुष्यात एकदाच येतो. मी पेन उघडलं आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'हरकत नाही.' फाईल साहेबांकडे गेली आणि पाच मिनिटांत परत आली. खाली लाल शाईत लिहिलं होतं: 'स्वतःच्या अर्जावर स्वतः अभिप्राय देता येणार नाही. अर्जदाराने स्वतःविरुद्ध काही म्हणणे असल्यास मांडावे.'

स्वतःविरुद्ध माझ्याकडे पुष्कळ म्हणणं होतं, पण ते फाईलवर घालण्यासारखं नव्हतं. मी तिथेच डोकं धरून बसलो. जेवणाची सुट्टी झाली, डबा उघडायची इच्छा होईना, म्हणून मी आपलीच जुनी फाईल पहिल्यापासून वाचत बसलो. आपलं लिखाण आपण सहसा वाचत नाही, आणि ते बरंच असतं. पण कलम सातपाशी मी ताठ झालो. त्याच्या पोटात एक (ख) होता. मला त्याचा पार विसर पडला होता.

'सूर्योदय झाला किंवा कसे, याची खात्री पहारेकऱ्याने टेकडीच्या माथ्यावर समक्ष जाऊन, शक्यतो दोन साक्षर साक्षीदारांसमवेत करावी व तशी नोंद घेऊनच फाटक उघडावे.'

साक्षीदार! मी शिकलेला आहे. ही तर माझ्याहून जास्त शिकलेली आहे. मी डब्यातलं सगळं संपवलं.

घरी जाऊन मी हिला एवढंच म्हणालो, "उद्या पहाटे चल. नियमाने चल." ती म्हणाली, "तुम्हाला कोण उठवणार?" पोस्टमास्तरांची बादली नको, मेव्हणा नको, तिपाई तर नकोच नको. मी झोपलो. आणि सांगतो ते खरं मानायचं असेल तर माना, पहाटे मला माझी मला जाग आली. घड्याळ वाजायला अजून दहा मिनिटं होती. मी ते बंद केलं, चहा केला, थर्मासात भरला आणि हिच्या खांद्याला हात लावला. तिने डोळे उघडून मला उभा बघितलं आणि घाबरून विचारलं, "बरं वाटत नाहीये का?"

फाटकाशी पहारेकरी नुकताच कुलूप तपासून वर निघाला होता. मी गजातून ओरडलो, "आम्ही साक्षीदार! कलम सात, पोटकलम ख!"

तो वळला. मफलर खाली केला. मला वाटलं आता हा हाकलणार. तर त्याचा चेहरा असा फुलला की काय सांगू. "आलात?" तो म्हणाला. "अहो, अठरा वर्षं झाली, एक माणूस आला नाही साक्षीला! दर वर्षी तपासणीला माझ्यावर शेरा, साक्षीदार का नाहीत. या या, चला लवकर, तो थांबायचा नाही."

तो पुढे, ही मध्ये, मी मागे. वाटेत तो बोलत होता. "सुरुवातीला मी महिनाभर शिव्या देतच चढायचो. कोण हा शहाणा, म्हणे रोज समक्ष बघा! सूर्य काय एखाद्या दिवशी दांडी मारणार आहे? मग एका सकाळी असा उगवला ना, की मी शिवी अर्धीच सोडली. तेव्हापासून रजा नाही घेतली. बदली आली होती, पाया पडून रद्द करवली. अठरा वर्षांत एकासारखा दुसरा नाही बघा."

माथ्यावर एक सपाट खडक होता. त्याने तो मफलरने झटकला आणि हिला म्हणाला, "बसा ताई. ही पहिल्या रांगेतली जागा."

आम्ही बसलो. टेकडीच्या पलीकडे काय आहे हे मला या वयात पहिल्यांदा कळलं. तिथे एक तळं होतं, काठोकाठ धुक्याने भरलेलं, आणि त्याच्या पलीकडे डोंगरांच्या रांगांमागे रांगा. आधी सगळं राखेच्या रंगाचं होतं. मग लांबच्या रांगेवर कुणी हळूच फुंकर घातल्यासारखी एक रेघ फुलली. आधी गुलाबी, मग केशरी. कुठूनसा एक पक्षी बोलला, दुसऱ्याने त्याला उत्तर दिलं, आणि मग कोण कुणाला काय बोलतंय ते कळेना. धुकं तळ्यावरून उठून चालायला लागलं.

"आता," पहारेकरी कुजबुजला.

डोंगराच्या कडेवर नखाएवढा एक लाल तुकडा आला. ही माझी बाही घट्ट धरून होती. तो तुकडा वाढला, त्याचा अर्धा गोल झाला, क्षणभर त्याला खालून कुणीतरी धरून ठेवलंय असं वाटलं, आणि मग तो सुटला. सगळं तळं एकदम पेटलं. ही मोठ्याने हसली. लहान मुलीसारखी, तोंडावर हात न ठेवता. इतक्या वर्षांत मी हिचं असं हसणं ऐकलं नव्हतं. मला इतका आनंद झाला, इतका झाला की मी उभं राहून टाळ्या वाजवल्या. पहारेकऱ्यानेही वाजवल्या. म्हणाला, "मी रोज वाजवतो. कुणाला सांगू नका."

मागे वळून बघितलं तर आमचं गाव अजून वाटीच्या तळाशी अंधारात होतं. आमच्या गच्चीवरची पाण्याची टाकी तेवढी दिसली. तिथे सगळे झोपले होते आणि मी जागा होतो. या गोष्टीचा अभिमान मला आता मरेपर्यंत पुरेल.

चहा झाल्यावर पहारेकऱ्याने रजिस्टर उघडलं. तारीख, वेळ, साक्षीदार, शेरा असे रकाने. साक्षीदारांचा रकाना अठरा वर्षं कोरा. शेऱ्याच्या रकान्यात मात्र त्याने बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं. ही एकेक वाचायला लागली. 'लाल. फार लाल.' 'ढगाळ. उगवला असावा.' 'धुके. विश्वासावर सही.' 'आज बायकोला घेऊन यायला हवे होते.' 'बगळे सदतीस.'

मग तो म्हणाला, "ताई, एक दाखवतो," आणि त्याने पहिलं पान उलगडलं. तिथे माझ्या नियमाची प्रत चिकटवलेली होती, कडा पिवळ्या पडलेल्या, खाली सही. "हा लिहिणारा कोण होता माहीत नाही. पण देवमाणूस असणार. त्याला ठाऊक असणार की माणसाने रोज हे बघायला पाहिजे, आणि नुसतं सांगून कुणी बघत नाही, म्हणून त्याने नियमच करून टाकला. कधी भेटला तर पाय धरीन."

ही त्या सहीकडे बघत होती. शेवटच्या अक्षराची शेपटी खाली लांब ओढलेली. ही सही आमच्या मुलीच्या प्रगतीपुस्तकावर बारा वर्षं होती. ती सावकाश माझ्याकडे वळली.

"म्हणजे ते गाढव..."

"हो," मी म्हणालो.

"गाढव काय ताई," पहारेकरी दुखावला. "देवमाणूस म्हणा."

"तेच म्हणत होते," ती म्हणाली, आणि पुन्हा तसंच हसली. मग तिने रजिस्टर मांडीवर घेतलं, साक्षीदारांच्या रकान्यात सही केली आणि पेन माझ्याकडे दिलं. मी सही केली, जपून, शेपटी जरा आखूड ठेवून. पहारेकऱ्याने ती बघितली, पहिलं पान बघितलं, पुन्हा ती बघितली. त्याच्या हातातलं थर्मासाचं झाकण तसंच राहिलं. तो वाकायच्या आत मी त्याचे दोन्ही हात धरले. माझ्या लिखाणाचा एवढा वाचक मला कुठे मिळणार होता!

"शेरा राहिला," ही म्हणाली. तिने माझ्याकडून पेन परत घेतलं, एकदा समोर सूर्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि त्या सरकारी रजिस्टरात, कलम सात पोटकलम (ख) अन्वये, दोन ओळींत नोंद केली:

'सूर्य उगवला.
नवराही उगवला.'